आधी तुमचे साहेब

"मॅडम… अहो मॅडम, तुमचा नारळ!"

मी जिन्यातच थबकले. दोन्ही हातांत शाली, वर पुष्पगुच्छ, बगलेत फाईल, बोटांत कसंबसं धरलेलं काचेचं स्मृतिचिन्ह. एवढ्या पसाऱ्यातून नारळ कधी निसटला आणि टणाटण उड्या मारत खाली गेला, मला कळलंसुद्धा नव्हतं. खालच्या पायरीशी एक उंच, सावळा माणूस उभा होता. त्याच्याही हातांत शाली, त्याच्याही हातांत गुच्छ. आणि त्या ढिगाच्या शेंड्यावर माझा नारळ.

कराडच्या एका कॉलेजात बक्षीस समारंभ होता. साहेबांचे सत्कार स्टेजवर होतात आणि ते सत्कार गाडीपर्यंत वाहून न्यायला आमच्यासारखी माणसं असतात. त्यामुळे त्याचं काम काय असणार, हे मी बघताक्षणी ओळखलं. पण मी थबकले ते त्यासाठी नाही. तो आवाज…! तो आवाज मी गेलं वर्षभर रोज ऐकत होते.

"तुम्ही… सांगलीचे मगदूम?"

तो बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांच्या कडांना हळूहळू सुरकुत्या पडत गेल्या.

"निकम मॅडम? अरे देवा! मी तर तुम्हाला पन्नाशीच्या समजत होतो. जाड भिंगांचा चष्मा, हातात पट्टी…"

"आणि मी तुम्हाला टकले, भांडखोर समजत होते."

"भांडखोर आहे," तो म्हणाला, "टक्कल पडायला जरा वेळ आहे." मग दोन पायऱ्या चढून त्यानं नारळ माझ्या शालींवर अलगद ठेवला. "पहिल्याच भेटीत नारळ देतोय. राग मानू नका."

मी हसले. मला आठवतं, मी मोठ्यानं हसले आणि पुढच्या क्षणी दचकून स्टेजकडे बघितलं. साहेबांना ऐकू गेलं की काय…

माझं नाव क्रांती निकम. मी रहिमतपूरची. बाविसाव्या वर्षी साताऱ्यात नानासो थोरातांच्या गिअरच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा माझं टेबल जिन्याखाली होतं. वरून कुणी उतरलं की माझ्या कागदांवर धूळ पडायची. तिथून मी साहेबांच्या केबिनबाहेरच्या टेबलापर्यंत आले ती कुणाच्या वशिल्यानं नाही. साहेबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळलं होतं. तेव्हापासून कुणीही भेटायला आलं की मी त्याला उजवीकडच्या खुर्चीत बसवायची. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर उपडा ठेवला की पुढच्या माणसाला आत सोडायचं नाही, हे मला माहीत होतं. नकाराचं पत्र असं लिहायचं की वाचणाऱ्याला आपला मान राहिला असं वाटावं, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि नंतर ते माझ्याकडून शिकले. "बाळ, तू हाईस म्हणून माझं चाललंय," असं ते महिन्यातून एकदा तरी म्हणायचे. ते ऐकलं की माझा पुढचा महिना सुखात जायचा.

आर्जव मगदूम सांगलीच्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा, विश्वजीत साहेबांचा, स्वीय सहायक होता. त्याचे साहेब आणि माझे साहेब जुने दोस्त. त्यांना एकमेकांशी बोलायची हुक्की आली की फोन आम्ही लावायचा. आणि आमच्या कामात एक अलिखित नियम आहे — ज्याचा साहेब आधी फोनवर येऊन ताटकळला, तो धाकटा. त्यावरून आमचं वर्षभर भांडण.

"आधी तुमचे साहेब घ्या ना लाईनवर."

"फोन तुम्ही केलाय मगदूम. आधी तुमचे."

"असं करू, दोघांना एकदम घेऊ. मी एक, दोन, तीन म्हणतो."

"आर्जव करून उपयोग नाही."

"नावच आर्जव आहे हो माझं. दुसरं काय करू?"

जिन्यातल्या त्या भेटीनंतर भांडण चालूच राहिलं. फक्त त्याची चव बदलली.

साहेब लोक दहाला येतात. आम्ही साडेनऊला. मधल्या अर्ध्या तासात, बरोबर नऊ चाळीसला, माझ्या टेबलावरचा फोन वाजू लागला.

"आज कोणत्या रंगाची साडी?"

"ऑफिसच्या कामाचं बोला."

"तेच तर विचारतोय. आमच्या साहेबांना कळवायचंय, सातारा ऑफिसचं हवामान कसं आहे…"

मी रिसिव्हर हातानं झाकून हसायची. त्याच्याबद्दल मला हळूहळू सगळं कळत गेलं. वडील लवकर गेलेले, घरात तो आणि आई. आईचं नाव गुणमाला. तो कांदा-बटाटा खात नाही, दिवस मावळायच्या आत जेवतो. संध्याकाळी साहेबांची मीटिंग लांबली तर बिचारा उपाशीच झोपतो. हे कळल्यापासून मी एक लबाडी सुरू केली. आमच्या साहेबांची त्याच्या साहेबांशी संध्याकाळची भेट ठरली की मी ती गुपचूप दुपारी तीनला ओढायची. तिसऱ्या वेळी त्यानं ते ओळखलं.

"मॅडम," फोनवर तो नेहमीपेक्षा हळू बोलला, "आज मी वेळेवर जेवलो."

"मग? मला काय सांगताय?"

"काही नाही… ज्यांनी वाढलं त्यांना सांगावं म्हटलं."

त्या दिवशी मी साहेबांच्या दोन पत्रांवर चुकीची तारीख घातली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही भेटायचो कराडला. मधलं गाव म्हणून. "मधलं कसलं?" तो भांडायचा, "तुमच्यापेक्षा मी वीस-पंचवीस किलोमीटर जास्त येतो." कृष्णा-कोयना मिळतात तिथल्या बागेत, प्रीतिसंगमावर बसायचो. त्या बागेचं नाव तोंडानं उच्चारायची मला लाज वाटायची. मी घरी सांगताना 'घाटावर' म्हणायची. महिन्यातला एखादा रविवार ठरायचा, आणि ठरलेल्या रविवारांतले निम्मे मोडायचे. कधी त्याच्या साहेबांकडे मंत्री यायचे, कधी माझ्या साहेबांकडे जपानचे पाहुणे. मोडला म्हणून कुणी कुणावर रागावलं नाही. दोघांना एकमेकांची नोकरी अगदी आतून कळत होती ना! तेच आमचं सुख होतं. आणि घातही त्याच सुखानं केला, असं आता वाटतं.

एका श्रावणात, ऊन-पावसाच्या खेळात, आम्ही घाटाच्या पायरीवर एका छत्रीत बसलो होतो. कोयनेचं पाणी गढूळ, कृष्णेचं त्याहून गढूळ. माझा उजवा खांदा भिजत होता आणि त्याचा डावा.

"क्रांती," तोवर आम्ही अहो-जाहो सोडलं होतं, "आपण लग्न कधी करायचं?"

"करायचं का, असं आधी विचारतात."

"ते विचारून सहा वर्षं झाली. तू लक्ष दिलं नाहीस. मी नऊ चाळीसला रोज तेच विचारत होतो."

मी पाण्याकडे बघत राहिले. आणि बोलले ते हे — "नोकरीचं काय?"

"एकानं सोडायची." त्यानं छत्री माझ्याकडे थोडी जास्त कलती केली. "मी सोडतो. साताऱ्यात बघतो काहीतरी. आईला घेऊन येतो."

"तू? एवढ्या वर्षांची…"

"एवढ्या वर्षांत मी काय केलं सांग ना. दुसऱ्याचा दिवस नीट लावला. आता माझे चार दिवस लावतो."

मला त्याच्यासारखं सहज म्हणता आलं नसतं. जिन्याखालच्या टेबलापासून वर यायला मला जे लागलं होतं, ते सोडण्याचा नुसता विचारही मला करवत नव्हता. तो सोडणार म्हणाला तेव्हा मला आनंदाआधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

तरीही वर्ष गेलं. मी म्हणाले, साहेबांचा नवा प्लांट होऊ दे. त्याचे साहेब म्हणाले, संस्थेची पन्नाशी होऊ दे. मग मात्र त्यानं एक दिवस नऊ चाळीसला सांगितलं, "मी राजीनामा दिला. आता तारीख तू सांग."

घरून विरोध होईल म्हणून मी किती घाबरले होते! माझे वडील नाथाजी, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्यासमोर बसून मी चाचरत सांगितलं.

"जैनाचा हाय?" वडलांनी मिशीवरून हात फिरवला.

"हो."

"दारू पीत न्हाई?"

"नाही."

"मग आडलंय कुठं? चाळिशी आली तुजी. मला वाटलं तू आता त्या कारखान्याशीच लगीन लावतीस."

तिकडे गुणमालाकाकूंनी मला फोनवर एकच अट घातली. "कांदा तुझ्या घरी खा बाई. माझ्या घरी मुलाला वेळेवर जेवायला घाल. बास." कुणी आडवं आलं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही. आम्हाला दोष द्यायला एकही माणूस मिळू नये, असं सगळं जुळून आलं होतं.

साताऱ्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस लावली. डिसेंबरातला गुरुवार, दुपारी साडेबाराची वेळ. साहेबांना मी काय सांगितलं? "नाना, गुरुवारी अर्धा दिवस येणार नाही. घरचं काम आहे." त्यांनी मान हलवली. काय काम, त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्यांच्या दिवसात माझं काही कधी आणायचं नाही, अशी मला सवय होती. दोन दिवसांनी पेढे देऊन सांगू, असं मनात होतं.

गुरुवारी सकाळी मी मोतिया रंगाची, हिरव्या काठाची साडी नेसले. चुलत बहीण राजेश्वरी रहिमतपूरहून आली होती, तिनं केसांत गजरा माळला. आठ वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन आला. एक पत्ता हवा होता. सांगितला. सव्वानऊला त्यांच्या सुनेचा फोन आला.

"मॅडम… पप्पांचं तोंड वाकडं झालंय. बोलता येईना. हॉस्पिटलला निघालोय. त्यांच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, आम्हाला काहीच…"

राजेश्वरी म्हणाली, "फोनवर सांग की." मी चप्पल घालत होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचे नीट कधी बोलले? अंदाजानं नको, नक्की वेळ सांगा." घरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब सकाळचे एकटेच खोलीत असत. मी म्हणाले, "आठ दहा. माझ्याशी. नीट बोलत होते." मग गोळ्या, मात्रा, कोणतं औषध सोसत नाही, आधीचे रिपोर्ट कोणाकडे आहेत, सगळं. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. "इंजेक्शन वेळेत देता येईल," ते म्हणाले आणि आत पळाले.

त्या वीस मिनिटांत मी लागत होते. हे खरं आहे. ते खोटं ठरवून मला स्वतःला अजून कमी करायचं नाही.

पण वीस मिनिटांनंतर दहासुद्धा वाजले नव्हते. नोंदणी कार्यालय तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर.

मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मांडीवर साहेबांची फाईल. एक नर्स जाताना म्हणाली, "तुम्ही सूनबाई का?"

"नाही. ऑफिसमधून आलेय."

तिनं माझ्या साडीकडे, गजऱ्याकडे बघितलं आणि गेली.

सव्वाबाराला आर्जवचा फोन आला. मागे माझ्या वडलांचा खाकरण्याचा आवाज येत होता. "आम्ही सगळे आलोय. आई, सुभेदारसाहेब, राजेश्वरी, साक्षीदार. साहेब कसे आहेत?"

"इंजेक्शन दिलंय. आत कुणाला सोडत नाहीत. आर्जव… थोडं पुढं ढकल ना."

"किती?"

"दोनपर्यंत."

"विचारतो. ऐकतील ते. ये तू."

दोनला मी म्हणाले, चार. चारला त्याचा फोन आला तेव्हा साहेबांचा मुलगा शिवतेज, सून, दोन मेहुणे, कारखान्याचे मॅनेजर असे सगळे कॉरिडॉरमध्ये होते. चहा आला होता. मला कुणी चहा विचारला नव्हता, कारण मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

"क्रांती," आर्जव अगदी शांत बोलत होता, "एक विचारू? आत्ता, या क्षणी, तिथं तुला कुणी काही करायला सांगतंय?"

मी इकडेतिकडे बघितलं.

"नाही."

"मग?"

मी मांडीवरची फाईल सरळ केली.

"मग ये. पावणेसहाला ते कुलूप लावतील."

"येते," मी म्हणाले.

मी उठले नाही. साडीच्या निऱ्या सारख्या करत बसले. सव्वापाच वाजले, साडेपाच वाजले. मला दिसत होतं ते सगळं — बाकावर बसलेल्या गुणमालाकाकू, सकाळी खाल्लेल्या पोह्यांवर असलेला तो, दिवस कलत चाललेला. मला सगळं दिसत होतं आणि माझे पाय उठत नव्हते. सहाला वडलांचा फोन आला. "पोरी, ते गेले सांगलीला. पोराच्या आईला उपास घडला बघ." आणि त्यांनी फोन ठेवला. वडील नंतर कधी त्यावर बोलले नाहीत.

नोटीस तीन महिने चालते. त्यातले उरलेले दोन महिने आर्जवनं वाट बघितली. नऊ चाळीसचा फोन येत राहिला, पण आता तो साडीचा रंग विचारत नसे.

"दुसरी तारीख घेऊ या?"

"घेऊ. साहेब घरी येऊ दे."

मग, "साहेब घरी आले ना?"

"आले. पण बोलता येत नाही अजून. सह्यांचा प्रश्न आहे. शिवतेजना काही माहीत नाही…"

शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "क्रांती, तुझ्या डायरीत साहेबांच्या भेटी तू पेनानं लिहितेस. माझ्या पेन्सिलीनं. मी एकदा बघितलं होतं, कराडला. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं."

मी समोर उघडी असलेली डायरी मिटली.

"भांडत नाही," तो म्हणाला. "मला भांडताच येत नाही तुझ्याशी. पूर्वी यायचं." "ठेवतो."

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला फोन वाजला नाही. मी दहापर्यंत रिसिव्हरकडे बघत बसले. दहाला साहेबही आले नाहीत. ते आता येणारच नव्हते.

शिवतेज आले. वाईट माणूस नाही, उलट अतिशय सभ्य. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून घेतलं. "मॅडम, माझ्या भेटीगाठी मी मोबाईलवरच ठरवतो. पत्रं तर आता जातच नाहीत. पण तुम्ही पप्पांच्या. तुम्हाला आम्ही कधीच अंतर देणार नाही." त्यांनी मला 'प्रशासन सल्लागार' केलं. दुसऱ्या मजल्यावर स्वतंत्र केबिन. काचेचं दार, नवी खुर्ची, नवा फोन. त्या फोनवरून पहिल्या महिन्यात तीन कॉल आले. दोन चुकीचे होते. मी रोज साडेनऊला जात होते, टेबल पुसत होते, बसत होते. खिडकीतून अजिंक्यताऱ्याची एक बाजू दिसायची. एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला डोंगर बघायला वेळ होता, आणि मला तो बघवत नव्हता.

दोन वर्षं अशी गेली.

परवाच्या फेब्रुवारीत साहेबांना बघायला त्यांच्या घरी गेले. अधूनमधून जायची. आता ते तुटक बोलायला लागले होते. एक एक शब्द शोधून आणायचे. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"बाळ… तू… लगीन का न्हाई गं केलंस?"

मी हसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ठरलं होतं नाना. राहून गेलं."

"कवा?"

"तुम्हाला बरं नव्हतं… त्याच दिवशी होतं."

त्यांचा चेहरा एका बाजूनं हलला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना पुसता येईना. मी पुसलं. खूप प्रयत्नानं ते म्हणाले, "सांगायचंस की… मला. आगं… सुट्टी… दिली आसती की मी."

मी बाहेर आले, रस्त्यावर उभी राहिले. सुट्टी दिली असती. किती साधं होतं! खरं कारण सांगून मी ती मागितलीच नव्हती. आयुष्यात एकदाही.

त्याच आठवड्यात मी सांगलीला गेले. आर्जव आता संस्थेतच परत होता, दुसऱ्या विभागात. राजीनामा विश्वजीत साहेबांनी फाडून टाकला होता म्हणे. मी फोन न करता गेले. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येत होता, उन्हात तापलेला. तो पोर्चमध्ये कुणाशी तरी बोलत उभा होता. केस कानांवर पांढरे झालेले. मला बघून तो बोलायचा थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "वेळ न घेता आलात?"

त्याचं ते हसू… मला वाटलं, झालं, सगळं परत मिळालं.

आम्ही चालत कृष्णेच्या घाटावर गेलो. त्यानं वाटेत भडंगाच्या दोन पुड्या घेतल्या. स्वतःच्या पुडीतले शेंगदाणे तो पूर्वीसारखा माझ्या पुडीत टाकत होता, आणि ते लक्षात आल्यावर एकदम थांबला.

"क्रांती, मला तुला सांगायचं होतं. पत्र लिहिलं होतं, टाकलं नाही." त्यानं हात झटकले. "मेमध्ये माझं लग्न आहे. ब्राह्मी तिचं नाव. आमच्या शाळेत शिक्षिका आहे. नवरा करोनात गेला. एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. आईनं बघितलं, आणि आई गेली मागच्या दिवाळीत. जाताना माझ्याकडून कबूल करून घेतलं."

नदीच्या पलीकडे कुणी बैल धूत होतं. मी त्या बैलाच्या शिंगांकडे बघत राहिले.

"चांगली आहे?"

"खूप. गप्प असते. हसली की दचकते, आपण हसलो म्हणून."

"आवडते तुला?"

तो खोटं बोलणारा नव्हताच. "आवडायला लागलीय."

बरंच झालं, असं मी म्हणाले. म्हणाले असेन. मग त्यानं ते विचारलं, जे दोन वर्षं विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी तू का आली नाहीस? साहेबांसाठी, असं नको सांगूस."

"साहेबांसाठी नाही," मी म्हणाले. "सकाळी दहानंतर तिथं माझं काही काम नव्हतं. मी बसून राहिले. मला वाटलं, इथून उठले तर… माझ्यावाचून काही अडत नाही, हे सगळ्यांना कळेल. मला कळेल. मला कुणाला तरी लागायची एवढी सवय झाली होती आर्जव, की नुसतं हवं असणं म्हणजे काय, ते कळलंच नाही. तुला मी लागत नव्हते. तुला मी हवी होते. त्याची मला भीती वाटली."

त्याच्या हातातली पुडी चुरगाळली जात होती.

"आणि अजून एक," मी म्हणाले. माझा आवाज फुटत होता, मी तो तसाच फुटू दिला. "तुझ्यावर माझं प्रेम होतं. आहे. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही. आज सांगते, कारण मेनंतर सांगणं बरं नाही."

त्यानं डोळे मिटले. सावकाश म्हणाला, "कराडला, त्या छत्रीत, मी हे ऐकायला बसलो होतो. तू नोकरीचं विचारलंस."

"हो."

"आज ऐकलं." त्यानं डोळे उघडले, ते लाल झाले होते. "पण आता मी तिला सांगून बसलोय, क्रांती. ती पोरगी मला आत्तापासून बाबा म्हणते. मी त्यांना बाकावर बसवून ठेवणार नाही."

त्यानं मुद्दाम टोचलं नव्हतं. तरीही ते आत गेलं, आणि जिथे जायचं तिथेच गेलं. मी मान हलवली. त्याच्या जागी मी असते, तर मीही हेच केलं असतं, असं म्हणायची सोयच नव्हती. मी काय केलं होतं, ते दोघांनाही माहीत होतं.

तो मला स्टँडवर सोडायला आला. गाडी कुठल्या फलाटाला लागते ते बघून आला, ऊन कुठल्या बाजूला येईल ते बघून त्यानं मला खिडकी दिली. खाली उभा राहून त्यानं गजावर हात ठेवला. मी त्यावर माझा ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली.

"जप," तो म्हणाला.

"तूही. वेळेवर जेव."

त्यानं मान फिरवली, आणि गाडी वळेपर्यंत ती परत वळवली नाही.

आष्टा येईपर्यंत मी नीट होते. आष्टा मागे पडलं, उसाची शेतं लागली आणि मला हुंदका आला. मग आवरेचना. पदर तोंडात धरला तरी आवाज येत होता. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर मेथीचं गाठोडं. तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

"कुनी ग्येलं काय गं लेकी?"

"व्हय," मी म्हणाले.

"जवळचं?"

मला 'व्हय' म्हणता येईना. मी नुसती मान हलवली.

तिनं पुढे काही विचारलं नाही. गाठोडं पायाशी ठेवलं, तिचा खरखरीत हात माझ्या हातावर ठेवला आणि पुढच्या सीटकडे बघत बसून राहिली. कासेगावला तिला उतरायचं होतं. गाडी थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, "कासेगाव, कासेगाव! चला म्हातारे!"

"थांब की रं जरा," ती तिथूनच ओरडली, "पोरगी रडतीया."

आणि गाडी थांबली.